आपला पाऊस सोमालियावरून येतो, मग सोमालियाच कोरडा कसा?

खाडीकाठचा_मुलुंड

मंडळी एक प्रश्न डोक्यात घुसलाय आणि निघायचं नाव घेत नाहीये, भूगोलवाले कोणी असतील तर सांगा. मे संपत आला की टीव्हीवर तो मान्सूनचा नकाशा सुरू होतो ना, बाण मादागास्करच्या बाजूने निघतात, आफ्रिकेच्या कडेकडेने वर सरकतात, सोमालियाच्या टोकापाशी उजवीकडे वळतात आणि सरळ आपल्या अंगावर. म्हणजे जो वारा मुंबईवर चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाणी ओततो तो सोमालियाला घासून येतो. मग मोगादिशूत अख्ख्या वर्षात मिळून चारशे-साडेचारशेच कसा पडतो?

वर हे शहर विषुववृत्तापासून जेमतेम दोन अंशांवर. आम्हाला शाळेत पाठ करून घेतलेलं, विषुववृत्तावर रोज दुपारी पाऊस, घनदाट जंगल, सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोचत नाही वगैरे. ऍटलास काढून बघितला तर ती रेघ पश्चिमेला गॅबॉन आणि काँगोतून जाते तिथे गडद हिरवं, युगांडात पण बऱ्यापैकी हिरवं, मग केनियात रंग उडायला लागतो आणि सोमालियात पोचेपर्यंत पिवळं. रेघ तीच, ऊन तेच, मग फरक पडला कुठे? नेटवर शोधलं तर एकतर दोन ओळीत गुंडाळलंय नाहीतर सगळं डोक्यावरून. कोणीतरी नीट सांगा राव.

विंडोसीट_कर्जत

पावसाला खड्डे आवडतात आणि त्या बाबतीत आपल्याला कोण हरवणार. जोक जाऊदे, प्रश्न जेन्युइन आहे, मी पण बसलोय वाट बघत.

भूगोलाच्या_बाई

प्रश्न छान आहे. कॉलेजात शिकवत होते तेव्हा हा पेपरात घातला असता तर निम्म्या वर्गाने घाम पुसला असता.

आधी एक करा, "पाऊस तिथून येतो" हे डोक्यातून काढा. तिथून येतो तो वारा. बाष्प तो रस्त्यात गोळा करतो, काही दक्षिण हिंदी महासागरावर, काही अरबी समुद्रावर. आणि नुसतं बाष्प असून पाऊस पडत नसतो हो, ती हवा वर चढावी लागते, वर गेली की थंड होते आणि मग ढग, मग थेंब. आपल्याकडे तिला वर ढकलायला सह्याद्री उभा आहे, शिवाय त्या दिवसांत आपल्या बाजूला हवेचा दाब कमी असतो त्यामुळे हवा येऊन गोळा होते आणि वर जाते. सोमालियात त्याच वेळी नेमकं उलटं चाललेलं असतं.

आता वारा कसा येतो बघा. आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मॉरिशस-रियुनियनच्या दक्षिणेला जास्त दाबाचा मोठा प्रदेश तयार होतो, त्याला मस्करीन उच्चदाब म्हणतात. तिथून वारे आग्नेयेकडून वायव्येला निघतात आणि पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांवर आपटतात. हा वारा सगळ्यात जोरात असतो तो साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर, आणि केनिया-इथिओपियाचा उंच प्रदेश दीड-दोन हजार मीटर, काही ठिकाणी त्याच्याही पुष्कळ वर. म्हणजे तो बरोब्बर डोंगराच्या छातीवर येतो. ओलांडता येत नाही म्हणून भिंतीला लागून उत्तरेला पळतो, विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळत जातो आणि सोमालियाच्या टोकावरून अरबी समुद्रात शिरतो. फिंडलेटर नावाच्या हवामानशास्त्रज्ञांनी हा झोत १९६९ च्या सुमाराला नीट मांडला म्हणून फिंडलेटर जेट, कोणी सोमाली जेट पण म्हणतं. पुस्तकात भारताचा मान्सून म्हटलं की राजस्थान तापतं, तिबेट तापतं एवढंच येतं, आफ्रिकेच्या डोंगरांना कोणी विचारत नाही.

सोमालियाच्या वाट्याला काय येतं? एक, वारा किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो, आत घुसत नाही. दोन, तो पुढे जाताना वेग घेत जातो, वेग वाढला की हवा पांगते आणि पांगलेली जागा भरायला वरची हवा खाली उतरते. खाली उतरणारी हवा तापते आणि आणखी कोरडी होते, मग ढग कुठून होणार. तीन, समुद्र. एवढा जोराचा वारा महिनोन् महिने किनाऱ्याला समांतर वाहिला की वरचं गरम पाणी किनाऱ्यापासून आत समुद्रात ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. जुलै-ऑगस्टात सोमालियाच्या टोकाजवळच्या रास हाफूनच्या आसपास समुद्राचं पाणी २० अंशांच्याही खाली जातं, विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ! त्याच वेळी आपल्याकडचं पाणी २८ च्या आसपास असतं. थंड पाण्यावरची हवा जड, ती उठतच नाही.

तर आपल्याला भिजवणारा वाराच त्यांना कोरडं ठेवतो, असा हा प्रकार आहे.

खाडीकाठचा_मुलुंड

बाई एक नंबर, हे असं कोणी शाळेत सांगितलं असतं तर मी कॉमर्सला गेलोच नसतो. पण दोन शंका. त्यांना जो चारशे मिमी पडतो तो मग कधी पडतो? आणि डोंगराच्या त्या बाजूला, म्हणजे काँगोत, एवढा पाऊस कसा, कारण पूर्वेचा वारा तर भिंतीने अडवला म्हणताय.

नैरोबी_रिटर्न

पहिल्याचं मी सांगतो, मी कामानिमित्त केनियात काही वर्षं होतो. तिकडे पावसाळे दोन. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा पाऊस, सोमालियात त्यांना गू आणि देर म्हणतात (पहिलं नाव ऐकून आपल्या ऑफिसातली पोरं खिदळायची). सूर्य डोक्यावरून वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा पावसाचा पट्टा त्यांच्यावरून जातो, मध्ये जो काळ आपला भर पावसाळा तो त्यांचा कोरडा. आणि पट्टा जातो पण भरभर, थांबत नाही, एखाद्या वर्षी रुसला की झालं. २०२० च्या शेवटापासून लागोपाठ पाच पावसाळे फेल गेले तिकडे, गुरं किती मेली त्याला हिशोब नाही. आणि २०१९ च्या शेवटी उलटं, पूर, दरडी, सगळं.

पण मला सांगायचंय वेगळंच. आफ्रिका म्हटलं की आपल्या डोक्यात गरम. मी जुलैत पहिल्यांदा उतरलो तेव्हा बॅगेत नुसते हाफ शर्ट, आणि एअरपोर्टच्या बाहेर सगळे जॅकेट घालून उभे. नैरोबी विषुववृत्तापासून दीडशे किमी पण नाही, पण उंची जवळपास १,८०० मीटर, महाबळेश्वरपेक्षा वर. जुलैत दिवसभर राखाडी ढग, सकाळी तोंडातून वाफ निघायची बाकी. तिथून नैवाशाच्या रस्त्याला लागलं की तासाभरात रस्त्याची एक बाजू अचानक संपते, खाली रिफ्ट व्हॅली. घाट उतरायला लागलो की आधी कानाला दडे बसतात, मग स्वेटर काढावं लागतं, मग खिडकी उघडावी लागते, वर चहा-भाज्यांचे मळे होते आणि खाली काटेरी बाभळी आणि धूळ, समोर लोंगोनोट नावाचा ज्वालामुखी, वरचं तोंड कापल्यासारखं. एक घाट आणि हवामान बदललं. तेव्हा कळलं की तिकडे कुठल्या अक्षांशावर आहेस हे विचारायचं नाही, किती उंचीवर आहेस ते विचारायचं. माउंट केनियाच्या उत्तर उतारावरून विषुववृत्त जातं आणि वर ५,१९९ मीटरला बर्फ होता, आता थोडाच उरलाय.

आणि बाई भिंत म्हणाल्या त्या भिंतीला एक भोक आहे. केनियाचा उंच भाग दक्षिणेला, इथिओपियाचा उत्तरेला, मधला तुर्कानाचा पट्टा सखल. लोअर परळला दोन टॉवरच्या मधल्या बोळात छत्री उलटी होते तसं, किनाऱ्याकडची हवा त्या फटीतून घुसते आणि वर्षभर पिसाटते. गाडीचं दार वाऱ्याच्या दिशेला उघडलं तर बिजागरीच निखळायची म्हणून ड्रायव्हर आधी गाडी वळवून मग उतरू द्यायचा. तिथेच ३६५ पवनचक्क्यांचा प्लांट आहे, ३१० मेगावॉट. आणि पाऊस? तुर्कानातल्याच लोडवार गावाला वर्षाला दोनशे मिमीच्या आसपास. बाष्प घेऊन वारा चाललाय, पण थांबायला वेळ कुठे.

विंडोसीट_कर्जत

नैरोबीवाले भाऊ, त्या विषुववृत्ताच्या बोर्डापाशी पाण्याचा जादूचा प्रयोग करतात तो खरा का? माझ्या मेव्हण्याने व्हिडिओ टाकलेला, रेघेच्या इकडे पाणी एका दिशेला गोल फिरतं, पलीकडे वीस पावलं गेलं की उलटं.

नैरोबी_रिटर्न

नान्युकीला ना? भारी माणसं आहेत ती, भोक पाडलेलं भांडं आणि वर काडी, पैसे देऊन सर्टिफिकेट पण मिळतं. मी पण घेतलंय. नीट बघ, पाणी ओतताना आणि वळताना भांड्याला कसा हलका हिसका देतात.

भूगोलाच्या_बाई

हातचलाखी आहे ती, आणि त्यात गंमत अशी की पृथ्वीच्या फिरण्याचा तो परिणाम नेमका विषुववृत्तावर शून्य असतो आणि वीस पावलांवर मोजण्याइतकाही नसतो. एवढ्याशा भांड्यात पाणी कसं ओतलं त्यावर दिशा ठरते. पण हजारो किलोमीटर, दिवसेंदिवस प्रवास करणाऱ्या हवेला तोच परिणाम वळवतो. आपला पाऊस हा त्याचा पुरावा, भांडं कशाला हवं.

सातबंगला_सनकी

सगळं ठीक आहे पण हे डोंगर काढून टाकले तर आपला पाऊस बंद होईल असं म्हणायचंय का? जरा जास्तच होतंय. डोंगर नव्हते तेव्हा भारतात पाऊस पडत नव्हता?

भूगोलाच्या_बाई

तसं मी कुठेच म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. संशोधकांनी कॉम्प्युटरवर हा प्रयोग केलेला आहे, नकाशातून पूर्व आफ्रिकेचे डोंगर पुसून टाकायचे आणि वारा सोडायचा. तो झोत विस्कटतो, किनाऱ्याला चिकटून राहत नाही, आफ्रिकेत आत पसरतो. भारतातल्या पावसाचं मात्र प्रत्येक मॉडेल वेगळं सांगतं, एकात तर वाढलेलासुद्धा दिसतो. तेव्हा डोंगर नसते तर मान्सूनच नसता असं नाही, आज आहे तसा घट्ट एका वाटेने येणारा नसता एवढं म्हणता येईल.

आणि हे डोंगर भूगर्भाच्या हिशोबाने तसे नवेच आहेत. इथिओपियाच्या पठारावर साधारण ३ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, आपल्या दख्खनच्या पठारासारखेच, फक्त आपले ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. सिमियन पर्वताचे फोटो बघा, पायऱ्या-पायऱ्यांचे कडे आणि मध्ये गवताळ सपाटी, हरिश्चंद्रगडाजवळ उभे आहोत असंच वाटतं, उंची मात्र साडेचार हजार मीटरची. त्याच्या खालून जमीन वर उचलली गेली आणि मग फाटायला लागली, ती रिफ्ट.

या इथिओपियाला जून ते सप्टेंबर चांगला पाऊस पडतो बरं का. सोमालियाला लागूनच, पण उंच, हवा चढते. तेच पाणी निळी नाईल आणि अटबारा या नद्यांनी खाली येतं, नाईलच्या एकूण पाण्यातला मोठा वाटा, सुमारे ८५ टक्के, इथिओपियाचा. इजिप्तची शेती हजारो वर्षं त्या पुरावर चालली आणि इजिप्तमध्ये पाऊस नावालाच.

रीलवाला_दिवा

रिफ्टवरून आठवलं, केनियात जमीन दुभंगली, आफ्रिकेचे दोन तुकडे होणार, हायवे मधून फाटला असं सगळीकडे फिरत होतं, ते?

नैरोबी_रिटर्न

२०१८ चं, माई माहिऊजवळचं. तो भाग ज्वालामुखीच्या राखेच्या मातीचा, खाली पोकळ्या असतात, त्या वर्षी पाऊस धो धो झाला आणि माती वाहून वरचं छत बसलं, बहुतेक भूगर्भवाल्यांचं मत तसंच. खरंखुरं फाटणं बघायचं तर इथिओपियातलं अफार. २००५ च्या सप्टेंबरमध्ये दाबाहू ज्वालामुखीपाशी जवळपास ६० किमी लांबीचा पट्टा थोड्या दिवसांत उघडला, काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत सरकला. बाकी वेळी वर्षाला काही मिलिमीटर. दोन तुकडे व्हायला लाखो वर्षं आहेत, तोपर्यंत तुझी दिवा फास्ट पण येईल कदाचित.

रीलवाला_दिवा

दुखत्या नसेवर बोट नको ठेवू भाऊ.

खाडीकाठचा_मुलुंड

काँगो राहिलं! विषयावर या लोकहो.

भूगोलाच्या_बाई

येते. काँगोचं खोरं म्हणजे एक मोठी परात, कडेने सगळीकडून उंच. (आफ्रिकेचा बराचसा भाग असाच, पठारं आणि त्यात खोलगट खोरी, हिमालय-आल्प्ससारखी लांब रांग आफ्रिकेत जवळपास नाहीच, वायव्येचा ऍटलास पर्वत सोडला तर.) पश्चिमेकडून अटलांटिकचं बाष्प आत येतं, पूर्वेच्या फटींतून हिंदी महासागराचं थोडं येतं, आणि वर्षभर ऊन भरपूर असल्याने हवा रोज वर चढते, दुपारी गडगडाट. ती अडवणारं किंवा दाबून ठेवणारं तिथे काही नाही. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते जंगलच. पडलेल्या पावसातला खूप मोठा भाग झाडं परत हवेत सोडतात आणि तोच पुन्हा पडतो. ऍमेझॉनच्या मानाने काँगोत पाऊस कमी आहे, बऱ्याच ठिकाणी १,५०० ते २,००० मिमी, म्हणजे मुंबईहूनही कमी! फरक असा की मुंबईचा चार महिन्यांत ओततो आणि नंतर आठ महिने ठणठणाट, तिथला वर्षभर थोडा-थोडा. दाट सदाहरित जंगल उभं राहायला एकूण आकड्यापेक्षा कोरडे महिने किती हे जास्त महत्त्वाचं.

त्या जंगलाच्या मधोमध दलदल आहे, तिच्याखाली न कुजलेल्या पानापाचोळ्याचा, म्हणजे पीटचा थर आहे. तो किती मोठा आहे हे २०१७ मध्ये कळलं, जवळपास दीड लाख चौरस किमी, महाराष्ट्राच्या निम्म्याला थोडा कमी, आणि त्यात अंदाजे ३० अब्ज टन कार्बन. म्हणून काँगोचं जंगल तोडलं तर तिथलाच पाऊस आधी कमी होईल अशी काळजी आहे, कारण तो बराचसा जंगलाने स्वतःच कमावलेला आहे.

ठाण्याचा_पक्षीवाला

उशिरा आलोय पण एक भर घालतो. वारा एकाच दिशेने वाहत नाही ना, ऑक्टोबरनंतर उलटतो, ईशान्येकडून आफ्रिकेकडे. त्यावर बसून प्रवासी जातात. लोणावळ्याच्या माळावर नोव्हेंबरात अमूर ससाणे येतात, सायबेरिया-चीनकडून नागालँडमार्गे. थोडं खाऊन ते अरबी समुद्र न थांबता ओलांडतात, सोमालिया गाठतात आणि पुढे पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत. सॅटेलाइट टॅग लावलेल्या पक्ष्यांनी हे दाखवून दिलंय. आणि पाऊस सरताना खाडीवर, मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे दिसतात ना, चार बोटांएवढे, पँटाला नावाचे, ते पण मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. पोचतात तेव्हा तिकडे छोटा पाऊस चालू असतो, साचलेल्या डबक्यांत अंडी घालायला बरं. ससाण्यांना वाटेत समुद्रावर हेच चतुर खायला मिळत असावेत असा कयास आहे.

मुरुडची_माहेरवाशीण

हे वारे उलटणं आमच्या आजोबांना घड्याळासारखं माहीत होतं. मोंबासा-झांजिबारची गलबतं हिवाळ्यात इकडून जायची आणि तिकडचा वारा फिरला की परत, पण जूनच्या आत. जून-जुलैत समुद्र बंदच, मासेमारी आजही १ जून ते ३१ जुलै बंद असते. जंजिऱ्याचे सिद्दी त्याच वाऱ्यांच्या वाटेने आलेल्यांचे वंशज. आणि गोरखचिंच बघा, आफ्रिकेचं झाड, वसईच्या किल्ल्यात आणि राणीच्या बागेत उभं आहे, बुंधा फुगलेला. तिकडच्या कोरड्या महिन्यांसाठी पाणी साठवायची सवय इकडे मुंबईच्या पावसात पण सुटलेली नाही.

खाडीकाठचा_मुलुंड

मस्त मस्त. शेवटचं, हे वारे लाइव्ह बघायची काही सोय? टीव्हीवर बाण नुसते चिकटवलेले वाटतात.

विंडोसीट_कर्जत

अर्थ नलस्कूल नावाची वेबसाइट उघड, फुकट आहे. खाली कोपऱ्यात "अर्थ" वर क्लिक करून उंची ८५० वर ठेव (तो हवेच्या दाबाचा आकडा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर वर), जमिनीजवळची लावलीस तर झोत एवढा ठळक दिसत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बघ, सोमालियापासून हिरवी-लाल नदी वाहताना दिसेल. मग वाऱ्याच्या ऐवजी समुद्राच्या पाण्याचं तापमान निवड, सोमालियाचा किनारा निळा पडलेला दिसतो, बाई म्हणाल्या तो. मे महिन्यात बघितलंस तर झोत अजून धरलेला नसतो, सारखा तुटतो.